शिक्षा झाली, पण पुरावा पुरला का?

काल्हेरमधून आम्ही बोलतोय. एरवी आपण हप्ते, कर्जफेड, पापड-मसाल्याची विक्री असं बोलतो. आजचा विषय कडू आहे. घरातल्या माणसाला गांजा, चरस, एमडी अशा अमली पदार्थाच्या केसमध्ये शिक्षा झाली तर पुढे काय? अपील म्हणजे काय, ते कशाच्या जोरावर उभं राहतं, आणि घरातल्या बाईनं पहिल्या दोन महिन्यांत काय करायचं, ते आज सांगणार आहोत. वही-पेन जवळ असेल तर बरं.

हा विषय आम्ही का घेतला? आपला पट्टा डोळ्यांसमोर आणा. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर, पुढे पूर्णा, राहनाळ, अंजूरफाटा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं. आपल्या घरातले पुरुष टेम्पो चालवतात, हमाली करतात, गोदामावर रात्रपाळी करतात, रिक्षा चालवतात. दुसऱ्याचा माल इथून तिथे नेणं, हेच त्यांचं पोट. खोकं उघडून बघायची सोय नसते. बिल्टीवर कांदा लिहिलं तर कांदा, कपडा लिहिलं तर कपडा. त्यात एखाद्या दिवशी भलतंच निघालं, तर पहिला हात कुणाच्या खांद्यावर पडतो? माल पाठवणारा दूर असतो, घेणारा फोन बंद करतो. सापडतो तो ड्रायव्हर.

आता कुणी म्हणेल, या ताया नशेवाल्यांची बाजू घेतायत. नाही. एमडीच्या नादी लागलेली पोरं आपल्याच गल्लीत आहेत. त्यांच्या आया आपल्याच गटांत आहेत, दागिने विकून पोरांना व्यसनमुक्ती केंद्रात ठेवणाऱ्या. विकणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, आणि कडक व्हायला हवी. पण शिक्षा कडक आहे म्हणूनच ती योग्य माणसाला व्हायला पाहिजे. चुकीचा माणूस आत गेला की खरा विकणारा बाहेर मोकळा राहतो, हे त्या आयांनाही कळतं.

शिक्षा किती कडक, ते आकड्यांत ऐका. एनडीपीएस कायदा १९८५ सालचा. त्यात शिक्षा वजनावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत असेल तर अल्प प्रमाण, एक वर्षापर्यंत कैद. वीस किलोच्या वर गेला की व्यावसायिक प्रमाण. तिथे कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, आणि दंड कमीत कमी एक लाख. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत. चरस शंभर ग्रॅमपर्यंत अल्प, एक किलोच्या वर व्यावसायिक. एमडीचं तर पन्नास ग्रॅमच्या वर गेलं की लगेच व्यावसायिक प्रमाण होतं. पन्नास ग्रॅम म्हणजे आपल्या हळदीची छोटी पुडी. व्यावसायिक प्रमाणात न्यायाधीशांना दया आली तरी दहा वर्षांच्या खाली येता येत नाही. म्हणून 'घरात लहान मुलं आहेत, आई आजारी आहे' हे सांगून दहाची पाच होत नाहीत. अपिलात रडून उपयोग नाही, असं आम्ही बायकांना सांगतो तेव्हा त्यांना ते कठोर वाटतं. पण खरं तेच आहे. तिथे एकच प्रश्न चालतो: सरकार पक्षानं आणलेला पुरावा पुरेसा होता का?

हे सगळं आम्ही कसं शिकलो? आमच्या एका गटात बऱ्याच वर्षांपासून एक ताई आहे. गाव सांगत नाही, ओळख पटायला नको. तिचा नवरा टेम्पो चालवायचा. कांद्याच्या गोण्यांखाली गांजा निघाला, वीस किलोच्या वर. तीन वर्षं केस चालली, तोवर तो आतच. मग दहा वर्षं आणि एक लाख दंड. निकालाच्या दुसऱ्या आठवड्यात गटाची बैठक होती. ती आली नाही. दोघीजणी म्हणाल्या, हिला गटातून काढा, बँकेत आपलं नाव खराब होईल. आम्ही गटाची नियमावली काढून वाचली. हप्ता थकला, सलग बैठका चुकल्या, तर काय करायचं ते तिच्यात आहे. नवऱ्याला शिक्षा झाली तर बाईला काढा असं कुठेही नाही. तिचा तर एकही हप्ता थकला नव्हता. उलट लॉकडाऊनमध्ये दुसरीचा हप्ता तिनं भरला होता. हे खजिनदार मावशींनी आठवण करून दिल्यावर बैठक गप्प झाली.

पुढच्या महिन्यात ती आली ती कर्ज मागायला. ऐंशी हजार. एका माणसानं तिला सांगितलं होतं की हायकोर्टात ओळख आहे, ऐंशी हजार द्या, सहा महिन्यांत सुटेल. आम्ही तिला विचारलं, निकालाची प्रत कुठे आहे? तिच्याकडे नव्हती. त्या माणसानंही मागितली नव्हती. इथेच ओळखा, बायांनो. जो माणूस निकाल न वाचता सुटकेची तारीख सांगतो, तो वकिली करत नाहीये. गटानं ऐंशी हजार दिले नाहीत. पोरांच्या शाळेसाठी आणि शिलाई मशीनसाठी पंधरा हजार दिले. वकिलाला एक पैसाही लागला नाही. का, ते पुढे सांगतो.

आधी पुरावा म्हणजे काय ते समजून घेऊ. कारण अपिलात सहसा नवे साक्षीदार येत नाहीत. खालच्या कोर्टात जे कागद झाले, ज्या साक्षी झाल्या, त्याच उच्च न्यायालयातले न्यायाधीश नव्यानं तपासतात. जे कागदावर आलंच नाही ते तिथे सांगून फारसं भागत नाही.

या कायद्याची एक गोष्ट वेगळी आहे. साध्या चोरीच्या केसमध्ये आरोपीला काही सिद्ध करावं लागत नाही, सगळं सरकारनं सिद्ध करायचं. इथे मात्र माल तुमच्या ताब्यात सापडला हे एकदा सिद्ध झालं, की तो काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं असं कोर्ट धरून चालतं. ठाऊक नव्हतं हे मग आरोपीनं दाखवायचं. वाचायला भीती वाटते. पण 'एकदा सिद्ध झालं की' हे शब्द लक्षात ठेवा. ताबा, माल आणि तो मालच अमली पदार्थ, ही पहिली पायरी सरकारलाच चढावी लागते. सर्वोच्च न्यायालयानं हे २००८ साली 'नूर आगा विरुद्ध पंजाब राज्य' या निकालात नीट सांगितलं. काबूलहून अमृतसरच्या विमानतळावर आलेला माणूस, हातात द्राक्षांचं खोकं, आणि खोक्यात एक किलो चारशे ग्रॅम हेरॉइन सापडल्याचा आरोप. १९९७ ची गोष्ट. खालच्या कोर्टात शिक्षा, उच्च न्यायालयात शिक्षा कायम. सर्वोच्च न्यायालयानं विचारलं, जप्त केलेला माल कोर्टात कुठे आहे? मालच हजर केला नव्हता. नमुन्यांच्या नोंदींचा मेळ बसत नव्हता. कोठडीत घेतलेला कबुलीजबाब स्वखुशीचा वाटत नव्हता. तो सुटला. पकडल्यापासून अकरा वर्षांनी.

आम्हाला त्याहून जवळची वाटते ती अहमदाबादची केस. १९८८ साल, जानेवारी महिना. एक रिक्षावाला संध्याकाळी गोण्या घेऊन चालला होता. पोलिसांनी अडवलं, गोण्यांत चरस निघाला. तो म्हणाला, गोण्या माझ्या रिक्षात होत्या हे खरं, पण त्या दुसऱ्यांनी पोचवायला दिल्या, आत काय ते मला ठाऊक नाही. सत्र न्यायालयानं सोडलं. सरकार अपिलात गेलं आणि उच्च न्यायालयानं दहा वर्षं दिली. म्हणजे बघा, अपील दोन्ही बाजूंनी होतं, सुटलेला माणूससुद्धा अपिलात अडकू शकतो. मग तो सर्वोच्च न्यायालयात गेला. निकाल लागला २००० साली: 'अब्दुल रशीद इब्राहिम मन्सुरी विरुद्ध गुजरात राज्य'. पोलिसांना आधी खबर मिळाली होती, पण त्यांनी ती कायद्याप्रमाणे लिहून ठेवली नव्हती. न्यायालयानं ते आरोपीच्या बाजूनं धरलं. आणि पुढे जे म्हटलं ते आपल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या घरात सांगण्यासारखं आहे. मतलब असा: गुन्हेगार जेव्हा भाड्याची रिक्षा करतात तेव्हा आत काय आहे ते रिक्षावाल्याला सांगतीलच असं नाही, उलट ते लपवतील हेच जास्त शक्य आहे. तो त्यांच्या कटात होता असं दाखवणारं काहीच नव्हतं. रिक्षावाला सुटला.

पण यावरून 'मला माहीत नव्हतं' एवढं म्हटलं की झालं, असं समजू नका. बोलण्याला आधार लागतो. बिल्टी, भाड्याची पावती, ज्यानं माल चढवला त्याचा फोन नंबर, मालकाचा मेसेज, ठरलेलं भाडं नेहमीइतकंच होतं की तिप्पट होतं. भाडं तिप्पट असेल तर कोर्ट विचारणारच, इतके पैसे का दिले? आपण घरात बसून विचारू, तेच.

एक मुंबईचं उदाहरण सांगतो, नावं घेत नाही, त्यांनी पुष्कळ सोसलंय. २०१९ च्या जुलैमध्ये एक नवरा-बायको कतारला फिरायला गेले. नात्यातल्या बाईनं सहल भेट दिली होती आणि ओळखीच्यांसाठी म्हणून एक पाकीट सोबत दिलं होतं. दोहाच्या विमानतळावर सामानात चार किलोच्या वर चरस निघाला. तिथल्या कोर्टानं दोघांना दहा दहा वर्षं आणि प्रत्येकी तीन लाख रियाल दंड दिला. बायको गरोदर होती, मुलगी तिथे तुरुंगातच जन्मली. मुंबईत घरचे गप्प बसले नाहीत. नवऱ्याचा एक फोन घरी राहिला होता. त्यात त्या बाईशी झालेलं बोलणं रेकॉर्ड होतं. घरच्यांनी ते घेऊन अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे, म्हणजे एनसीबीकडे, तक्रार केली. इथे तपास झाला, अटका झाल्या. ते कागद सरकारमार्फत कतारला गेले. तिथल्या सर्वात वरच्या कोर्टानं जानेवारी २०२१ मध्ये केस पुन्हा तपासायला सांगितली, मार्चमध्ये दोघं निर्दोष ठरले आणि एप्रिलमध्ये लेकीला घेऊन घरी आले. कायदा तिथला वेगळा, पण मुद्दा तोच होता: सामान त्यांचं होतं, पण त्यांना ठाऊक होतं का?

म्हणून जुना फोन विकू नका. धुऊन-पुसून पोराच्या हातात गेम खेळायला देऊ नका. बंद करून ठेवा. फोनमधलं बोलणं कोर्टात लावायचं तर त्याला कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील बघतील. अपिलाच्या टप्प्यावर नवा पुरावा घ्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं, सहसा घेत नाही. म्हणजे हा फोन खालच्या कोर्टात केस चालू असतानाच वकिलाच्या टेबलावर यायला हवा.

आता माल आणि कागद. माल पकडल्यापासून प्रयोगशाळेत जाईपर्यंत एक साखळी असते. पंचांसमोर वजन, नमुना, त्यावर सील, मुद्देमाल कक्षाच्या रजिस्टरात नोंद, प्रयोगशाळेत पोच, तिथला अहवाल. आपण गटात पेटीची किल्ली एकीकडे, पेटी दुसरीकडे ठेवतो ना? का? मधे कुणी हात घालू नये म्हणून. तसंच हे. सील कुणाच्या ताब्यात होतं, नमुना किती दिवस कुठे पडून होता, पंचनाम्यातलं वजन आणि प्रयोगशाळेतलं वजन जुळतं का, हे अपिलातले वकील बोट ठेवून बघतात. नमुने आणि मालाची यादी मॅजिस्ट्रेटसमोर व्हायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली पुन्हा बजावलं, आणि पुढे त्या कारणावरून लोक सुटलेही. पण २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयानं हेही सांगितलं की केवळ ही पद्धत पाळली नाही म्हणून केस आपोआप पडत नाही. त्यामुळे मालाबद्दलच शंका उभी राहते का, हे बघायचं. म्हणून कुणी 'एक सही नाही, सुटणारच' असं छातीठोक सांगितलं तर मान डोलवू नका.

पंचांचंही तसंच. 'पंच फितूर झाला म्हणजे केस संपली' हे आपल्याकडे चहाच्या टपरीवरचं ज्ञान आहे. पोलिसांची साक्ष पक्की असेल तर पंच फिरला तरी शिक्षा टिकते. मात्र पंच फिरलाय, माल हजर नाही आणि नोंदीही जुळत नाहीत, असं सगळं एकत्र आलं तर तराजू हलतो.

कबुलीजबाबाबद्दल एक चांगली गोष्ट. पूर्वी या कायद्याखालच्या अधिकाऱ्यांसमोर दिलेल्या जबाबावर माणसं दहा दहा वर्षं आत गेली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये 'तोफान सिंग' या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असा जबाब कबुली म्हणून वापरता येणार नाही. तुमच्या माणसाची शिक्षा जर मुख्यतः त्याच्या किंवा दुसऱ्या आरोपीच्या जबाबावर उभी असेल, तर ही ओळ वकिलाला जरूर दाखवा.

आणि हे खास आपल्यासाठी. बाईची अंगझडती बाईनंच घ्यायची, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय. अंगझडती घेण्याआधी, 'तुमची झडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी असा तुमचा हक्क आहे' हे माणसाला सांगावं लागतं. २०१० साली पाच न्यायाधीशांनी हे सक्तीचं आहे असं म्हटलं. पण हा नियम अंगझडतीचा आहे. पिशवी, गोणी, टेम्पो, घराचा माळा यांच्या झडतीला तो लागत नाही. घरी माल सापडला आणि घरातली बाईही आरोपी झाली, असं होतं. तिथे प्रश्न असतो की त्या खोलीचा, त्या पेटीचा ताबा कुणाकडे होता आणि तिला ठाऊक होतं का. रेशनकार्डावर नाव आहे एवढ्यानं ताबा ठरत नाही. भाडेकराराची प्रत, खोली कुणाला दिली होती, किल्ली कुणाकडे असायची, हे सांगणारे शेजारी, हे सगळं खालच्या कोर्टातच यायला हवं.

आता काम काय करायचं ते.

निकाल लागला त्या दिवसापासून साठ दिवस मोजायला लागा. आपल्याकडच्या केस ठाण्याच्या विशेष न्यायालयात चालतात, त्यावरचं अपील मुंबई उच्च न्यायालयात, आणि त्याची मुदत साठ दिवस. उलटली तर उशीर माफ करा असा अर्ज करता येतो, तुरुंगातल्या माणसाचा उशीर कोर्ट समजूनही घेतं, पण तोपर्यंत कशाला जायचं? कैदेची शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची एक प्रत ताबडतोब आणि फुकट द्यायची असते. ती घ्या. तिच्या दोन झेरॉक्स काढा. निकाल इंग्रजीत असेल, चाळीस-पन्नास पानं असतील, घाबरू नका.

वकील परवडत नसेल तर काय? हेच आम्ही मघाशी ठेवलं होतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बायकांना आणि तुरुंगात असलेल्या माणसांना सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. भिवंडीच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि उच्च न्यायालयाची स्वतःची समिती आहे. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. माणूस आत असेल तर तो तुरुंगाधिकाऱ्यांमार्फतही अपील पाठवू शकतो, तुरुंगाच्या लोकांनी ते पुढे पाठवायचंच असतं. आमच्या त्या ताईचं अपील असंच गेलं. आम्ही दोघी तिच्याबरोबर होतो. बाकांवर बसून राहावं लागतं, एका कागदासाठी दोनदा जावं लागतं, डबा बरोबर न्या. पण पैसे कुणी मागितले नाहीत.

समितीनं दिलेले वकील तरुण होते. फुकटचा वकील म्हणजे कामाचा नसणार, असं त्या ताईच्या दिरानं तोंडावर म्हटलं. वकिलांनी निकाल वाचून तिला तीन प्रश्न विचारले. बिल्टी जप्तीच्या यादीत आहे, मग ज्याच्या नावाची बिल्टी त्याचा जबाब का नाही? सील पंचनाम्यानंतर कुणाकडे ठेवलं ते कुणीच का सांगितलं नाही? मालकाला फोन केल्याचं तुमचा नवरा सांगतो, ते कॉल रेकॉर्ड खालच्या वकिलांनी मागवले होते का? तिसऱ्याचं उत्तर नाही असं होतं, ते आता मागवता येईल का हा वेगळा झगडा आहे. दीर त्यानंतर काही बोलला नाही. अपील दाखल झालंय, सुनावणी व्हायचीय. सुटेल की नाही, कुणी सांगू शकत नाही, आणि वकिलांनीही सांगितलं नाही. त्याचमुळे आमचा त्यांच्यावर विश्वास बसला.

अपील वर्षानुवर्षं चालतं हे खरं. तोवर माणूस बाहेर येतो का? या कायद्यात एक कलम असं होतं की शिक्षा झालेल्याची शिक्षा कोर्टानं थांबवायचीच नाही. २००० साली 'दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या आपल्याच राज्यातल्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की कोर्टाचा हा अधिकार असा काढून घेता येणार नाही. तेव्हापासून अपील चालू असताना शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागता येतो. दार उघडं आहे, पण अरुंद आहे. व्यावसायिक प्रमाणाच्या केसमध्ये, हा माणूस दोषी नाही असं मानायला सबळ कारण दिसतंय आणि बाहेर येऊन तो पुन्हा असा गुन्हा करणार नाही, एवढं कोर्टाला पटावं लागतं. आत किती वर्षं झाली, वागणूक कशी आहे, हेही वकिलाला सांगा.

केस कुठे अडलीय हे बघायला दर वेळी फोर्टला जाऊन भाडं घालवू नका. प्रत्येक केसला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख दिसते. गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुली हे दोन मिनिटांत करून देतात. त्या ताईची मुलगी आता इतर दोघींच्या जमिनीच्या केसच्या तारखासुद्धा बघून देते.

जाता जाता, तुमच्याकडून चिठ्ठीवर आलेले दोन प्रश्न. पहिला: दंडाचे लाख रुपये भरले नाहीत तर? निकालातच लिहिलेलं असतं, दंड न भरल्यास आणखी इतके महिने कैद. शिक्षेला स्थगिती मागताना दंडालाही मागायची. म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय दंडासाठी मंगळसूत्र मोडू नका, सावकाराकडेही जाऊ नका.

दुसरा: आमचं घर जप्त होईल का? या कायद्यात बेकायदा कमाईतून घेतलेली मालमत्ता जप्त करायची तरतूद आहे, आणि ती नातेवाइकांच्या नावावर असली तरी लागू होऊ शकते. तशी नोटीस आली तर घरात दडवून ठेवू नका, तिच्यात दिलेल्या मुदतीत उत्तर द्यावं लागतं. घर कष्टाच्या पैशातून उभं राहिलं असेल तर ते दाखवायचं. पत्रे घालायला गटातून कर्ज घेतलं असेल, तर ते कोणत्या तारखेला उचललं, हप्ते कसे फेडले, हे गटाच्या वहीत आणि बँकेच्या पासबुकात असतं. अध्यक्ष-सचिवांच्या सहीनं त्या पानांची प्रत गट देऊ शकतो. जुन्या वह्या रद्दीत घालू नका, एवढं सगळ्या सचिवांना सांगून ठेवतो. नमस्कार.